गैरहजर मालकाची सही : तंत्रज्ञान-सल्ला व्यवसाय आणि मुखत्यारपत्र

कोकणातल्या कुटुंबांना मुखत्यारपत्राची ओळख मुख्यतः जमिनीमुळे झाली आहे. सातबाऱ्यावर पाच-सात भावंडांची नावे, त्यांतले बहुतेक चाकरमानी म्हणून मुंबईत आणि गावचे घर व कलमांची बाग सांभाळायला एखादाच भाऊ किंवा पुतण्या, अशी मांडणी सिंधुदुर्गात जागोजागी आढळते. आणि प्रत्येक सरकारी कामासाठी सर्वांनी रजा काढून गावी येणे शक्य नसल्यामुळे गावातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र लिहून देण्याचा प्रघात येथे चांगलाच रुळला आहे. देवगड-निपाणी रस्त्यावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कणकवली तालुक्यातील फोंडाघाटासारख्या गावात आता याच दस्तऐवजाची गरज एका निराळ्या कारणाने भासू शकते, कारण संगणक आणि इंटरनेटची जोडणी यांच्या आधारावर गावात राहूनच पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातील कंपन्यांना सॉफ्टवेअर, सर्व्हर, माहितीची सुरक्षा अशा विषयांवर सल्ला देण्याचा व्यवसाय चालवता येतो.

अशा व्यवसायाचे स्वरूप ध्यानात घेतले तर मुखत्यारपत्राचे महत्त्व लगेच कळते. किराणा दुकान मालक चार दिवस नसला तरी गल्ल्यावर बसलेला मुलगा चालवू शकतो. तंत्रज्ञान-सल्ल्याच्या व्यवसायात मात्र गल्ला नसतो, गोदाम नसते, यंत्रेही फारशी नसतात, तर काही करार, एक चालू खाते, अनेक पासवर्ड आणि मालकाची सही एवढ्यावरच सारा डोलारा उभा असतो. मालक परदेशी ग्राहकाकडे दोन महिन्यांसाठी गेला किंवा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाला, की कर्मचाऱ्यांचे पगार, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, कराराचे नूतनीकरण आणि थकलेल्या बिलांची वसुली ही सर्व कामे एकदमच अडतात. ती अडू नयेत यासाठी विश्वासातल्या व्यक्तीला आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार लेखी देणे हा कायद्याने मान्य केलेला मार्ग आहे. परंतु या मार्गाला एक कठोर मर्यादा आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते : भारतातील मुखत्यारपत्र मालकाच्या गैरहजेरीत उपयोगी पडते, त्याच्या असमर्थतेत नाही. हा भेद समजून घेतल्याशिवाय केलेली कोणतीही तजवीज अपुरीच राहते.

मुखत्यारपत्र म्हणजे काय

एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला आपल्यासाठी आणि आपल्या नावाने कृती करण्याचा अधिकार ज्या दस्तऐवजाने दिला जातो, त्याला मुखत्यारपत्र म्हणतात. अधिकार देणारा तो ‘लिहून देणार’ आणि अधिकार मिळालेला तो ‘मुखत्यार’. या विषयावरचा स्वतंत्र कायदा 1882 चा असून तो अगदी आटोपशीर आहे. मुखत्यार आणि मालक यांच्या नात्याचे खरे नियम 1872 च्या करार कायद्यात, प्रतिनिधित्वाविषयीच्या 182 ते 238 या कलमांत सापडतात. त्यांनुसार लिहून देणारा सज्ञान आणि सुबुद्ध असला पाहिजे, मुखत्याराला मोबदला दिलाच पाहिजे असे नाही, आणि मुखत्याराने दिलेल्या अधिकारात राहून केलेला करार मालकाने स्वतः केल्याप्रमाणेच त्याच्यावर बंधनकारक ठरतो. हे शेवटचे तत्त्व या दस्तऐवजाचे बळ आहे तसाच त्याचा धोकाही आहे, कारण मुखत्याराने चुकीच्या अटींवर करार केला तरी, तो अधिकाराच्या कक्षेत असेल तर, ग्राहकापुढे जबाबदार धरला जातो तो मालकच.

मुखत्यारपत्राचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. एखाद्याच ठरावीक कामापुरते दिलेले ते खास मुखत्यारपत्र आणि अनेक प्रकारच्या कामांसाठी दिलेले ते कुलमुखत्यारपत्र. करार कायद्याने मुखत्यारावर काही कर्तव्येही घातली आहेत : त्याने मालकाच्या सूचनांप्रमाणे वागावे, योग्य ती दक्षता घ्यावी, मागितल्यावर हिशेब द्यावा, अडचणीच्या प्रसंगी मालकाशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करावा, आणि मालकाला अंधारात ठेवून त्याच व्यवहारात स्वतःचा फायदा साधू नये. शिवाय जे काम करण्याचे मुखत्याराने स्वतः स्वीकारले आहे, ते मुखत्यारपत्रात तशी मुभा नसेल आणि व्यवसायाची रीत वा कामाचे स्वरूपही तसे नसेल तर, त्याला तिसऱ्यावर सोपवता येत नाही. सल्लाव्यवसायात हा नियम विशेष मोलाचा आहे, कारण ग्राहकाची गोपनीय माहिती जितक्या कमी हातांतून जाईल तितके बरे.

व्यवसाय कोणाच्या नावाने आहे

मसुदा करण्याआधी व्यवसायाचे कायदेशीर रूप पाहावे लागते. एकल मालकीत, म्हणजे प्रोप्रायटरशिपमध्ये, मालक आणि व्यवसाय या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नसतात. त्यामुळे मालकाने व्यक्ती म्हणून दिलेले मुखत्यारपत्र व्यवसायालाही लागू पडते. भागीदारीत प्रत्येक भागीदार 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार व्यवसायापुरता पेढीचा प्रतिनिधीच असतो, आणि 2008 च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीत, जिला व्यवहारात एलएलपी म्हणतात, किमान दोन नियुक्त भागीदार असावेच लागतात, म्हणून तेथे एकाच्या गैरहजेरीत दुसरा बरेचसे काम पुढे नेऊ शकतो.

कंपनीची गोष्ट निराळी आहे. खासगी मर्यादित कंपनी ही मालकाहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असल्यामुळे तिच्या वतीने अधिकार द्यायचा तर तो कंपनीनेच द्यावा लागतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 22 नुसार कंपनीला आपला मुखत्यार नेमता येतो, आणि तिच्यापाशी शिक्का नसेल तर त्या अधिकारपत्रावर दोन संचालकांची, किंवा एक संचालक व कंपनी सचिव यांची सही लागते. संचालकाने आपल्या पत्नीला किंवा भावाला वैयक्तिक मुखत्यारपत्र दिले, तरी ती व्यक्ती त्याच्या जागी संचालक म्हणून मंडळाच्या बैठकीत बसू शकत नाही, कारण संचालकपद दुसऱ्याच्या नावे करून देण्यास कलम 166 ने स्पष्ट मनाई केली आहे. संचालक किमान 3 महिने भारताबाहेर राहणार असेल, तर कंपनीच्या नियमावलीत किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावात तशी तरतूद असल्यास मंडळाला त्याच्याऐवजी पर्यायी संचालक नेमता येतो. तो मार्ग मुखत्यारपत्राचा नव्हे, कंपनी कायद्याचा आहे.

कोणते अधिकार, किती मर्यादेपर्यंत

बाजारात मिळणाऱ्या छापील मसुद्यांत ‘माझ्या वतीने सर्व प्रकारची कामे करण्याचा’ अशी सरसकट शब्दरचना असते. जमिनीच्या किरकोळ कामांसाठीही ती धोक्याची आहे. व्यवसायासाठी तर ती टाळलीच पाहिजे, आणि प्रत्येक कामाचा अधिकार वेगळ्या कलमात, रकमेच्या व मुदतीच्या मर्यादेसह लिहिला पाहिजे. बँकेच्या बाबतीत कोणत्या खात्यातून, एका व्यवहारात आणि एका महिन्यात किती रकमेपर्यंत पैसे काढता येतील, कर्ज घेण्याचा किंवा ठेव मोडण्याचा अधिकार आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. बँका बहुधा मूळ मुखत्यारपत्र तपासून आपल्या दप्तरी नोंदवून घेतात आणि स्वतःच्या नमुन्यातील संमतिपत्रही मागतात, त्यामुळे मालक गावात आणि धडधाकट असतानाच ही नोंद करून घेणे शहाणपणाचे ठरते.

करांच्या बाबतीत नियम अधिक काटेकोर आहेत. आयकराचे विवरणपत्र व्यक्तीने स्वतः प्रमाणित करायचे असते, परंतु ती परदेशी असेल किंवा अन्य कारणाने तिला ते शक्य नसेल, तर वैध मुखत्यारपत्र असलेली व्यक्ती तिच्या वतीने ते करू शकते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत मालकाखेरीज आणखी एका व्यक्तीला अधिकृत स्वाक्षरीकार म्हणून जोडता येते, आणि ते वेळेत केले तर दर महिन्याची जीएसटीआर-1 व जीएसटीआर-3बी ही विवरणपत्रे अडत नाहीत. परदेशी ग्राहकांना सेवा पुरवणारे व्यावसायिक एकात्मिक कर न भरता निर्यात करता यावी म्हणून दरवर्षी हमीपत्र दाखल करतात; मालकाच्या गैरहजेरीत आर्थिक वर्ष पालटणार असेल, तर या हमीपत्राचा उल्लेखही अधिकारांच्या यादीत असावा.

करारांविषयी लिहिताना चालू करार पुढे वाढवणे आणि नवा करार करणे यांत फरक करावा. चालू कराराचे त्याच दराने नूतनीकरण करण्याचा अधिकार निर्धास्तपणे देता येतो. परंतु नुकसानभरपाईची हमी, संगणक-प्रणालीच्या स्वामित्वहक्काचे हस्तांतर, किंवा ‘स्पर्धक कंपनीचे काम घेणार नाही’ अशा अटी स्वीकारण्याचा अधिकार मालकाने स्वतःपाशीच ठेवावा, कारण एका सहीने पुढच्या अनेक वर्षांचे उत्पन्न बांधले जाऊ शकते. वसुलीचा अधिकार मात्र ठळकपणे द्यावा. धनादेश वटला नाही तर बँकेकडून तशी माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत देणेकऱ्याला नोटीस द्यावी लागते, आणि ही मुदत मालकाच्या परतण्याची वाट पाहत नाही. अशा प्रकरणात मुखत्याराला फिर्याद दाखल करता येते, आणि व्यवहाराची त्याला स्वतःला माहिती असेल तर साक्षही देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले. जी गोष्ट केवळ मालकालाच ठाऊक आहे तिच्याविषयी मात्र मुखत्यार त्याच्या बदली साक्ष देऊ शकत नाही. म्हणून मुखत्याराला ग्राहकांशी चाललेल्या पत्रव्यवहाराची प्रत नियमित मिळत राहील अशी व्यवस्था असावी.

पासवर्ड, ओटीपी आणि डिजिटल सही

तंत्रज्ञान व्यवसायाची खरी नाजूक बाजू येथे आहे. अनेक घरांत मुखत्यारपत्र करण्याऐवजी मालकाचा मोबाइल, पासवर्ड आणि डिजिटल सहीचे टोकन सरळ भावाच्या किंवा हिशेबनिसाच्या हाती दिले जाते. ही सोय वाटली तरी कायद्याच्या दृष्टीने ती अधिकार देण्याची रीत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 नुसार डिजिटल सहीच्या गुप्त किल्लीवर स्वतःचा ताबा राहील याची वाजवी काळजी घेणे हे सहीधारकाचे कर्तव्य आहे, तर दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरल्यास कलम 66सी खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवानगीने वापरणाऱ्या नातेवाइकालाही वाद उद्भवल्यावर आपला हेतू शुद्ध होता हे सिद्ध करत बसावे लागते. म्हणून मुखत्याराने मालकाच्या सहीचे टोकन वापरण्याऐवजी स्वतःच्या नावाचे डिजिटल सही प्रमाणपत्र घ्यावे आणि प्रत्येक ठिकाणी मुखत्यार म्हणूनच सही करावी.

क्लाउड सेवा, संकेतस्थळाचे नाव आणि प्रोग्रामच्या संचिका ज्या कंपन्यांकडे ठेवलेल्या असतात, त्या आपापल्या सेवाशर्तींनुसार चालतात. कणकवलीच्या नोटरीचा शिक्का असलेला कागद दाखवून परदेशी सेवादात्याकडून खाते उघडून घेणे व्यवहारात फार कठीण जाते. त्यावरचा उपाय तांत्रिकच आहे : प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात दुसरा प्रशासक आधीच नेमावा, त्याच्या अधिकारांची मर्यादा ठरवावी, आणि त्याचा उल्लेख मुखत्यारपत्रात करावा. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल, तर मुखत्याराला ती माहिती पाहता येईल का हेही आधी तपासावे, आणि गरज असल्यास ग्राहकाची लेखी संमती घ्यावी.

कागद पक्का कसा होतो

सगळे करार संगणकावरच सही करून पाठवण्याची सवय असलेल्या व्यावसायिकाला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते : सामान्य मुखत्यारपत्र इलेक्ट्रॉनिक सहीने करता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कायद्यातून वगळलेल्या दस्तऐवजांची यादी आहे आणि तीत मुखत्यारपत्राचा समावेश आहे. 2022 साली केलेल्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांच्या अखत्यारीतील संस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरती सूट मिळाली, पण भावाला किंवा सहकाऱ्याला दिलेले मुखत्यारपत्र आजही कागदावर, शाईच्या सहीनेच करावे लागते.

त्यावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार मुद्रांक शुल्क लागते, आणि ते अधिकार एका व्यवहारापुरता आहे की अनेक, मुखत्यार किती, आणि स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार त्यात आहे का, यांवर ठरते. व्यवसायाच्या कामासाठी विक्रीचा अधिकार लागतच नाही. मालमत्तेचा हस्तांतर-दस्त म्हणून कुलमुखत्यारपत्र वापरण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये अमान्य केली, आणि त्याच निकालात नातेवाइकाला मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी दिलेल्या प्रामाणिक मुखत्यारपत्रांना धक्का लागत नाही हेही सांगितले. सही नोटरीसमोर करून घेतली तर दस्तऐवज रीतसर झाल्याचे न्यायालय गृहीत धरते. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. व्यवसायाच्या बहुतेक कामांना नोटरीची साक्षांकित प्रत पुरते. परंतु मालकाने सही केलेला एखादा दस्त, उदाहरणार्थ पुण्यातल्या कार्यालयाचा भाडेकरार, मुखत्याराने नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे मालक जेथे राहतो त्या भागातील दुय्यम निबंधकाने, म्हणजे फोंडाघाटच्या रहिवाशासाठी कणकवलीच्या कार्यालयाने, ते मुखत्यारपत्र प्रमाणित केलेले असावे लागते. आजारपणामुळे मालकाला कार्यालयात जाणे शक्य नसेल, तर घरी येऊन खात्री करून घेण्याची तरतूदही त्याच कलमात आहे.

मालक आधीच परदेशी असेल, तर तेथील भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोर सही करता येते. राज्याबाहेर झालेला असा दस्तऐवज महाराष्ट्रात आल्यावर 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पाकीट उघडून कपाटात ठेवून दिल्यामुळे ही मुदत निघून जाऊ नये.

जेथे मुखत्यारपत्र संपते

करार कायद्याचे कलम 201 सांगते की मालकाने अधिकार काढून घेतल्यावर, मुखत्याराने तो सोडल्यावर किंवा काम पूर्ण झाल्यावर प्रतिनिधित्व संपते, तसेच दोघांपैकी कोणाचाही मृत्यू झाल्यास किंवा कोणी बुद्धिभ्रष्ट झाल्यासही ते संपते. याचा अर्थ असा, की मेंदूतील रक्तस्रावाने मालक बेशुद्धावस्थेत गेला आणि त्याची समज कायमची हरपली, तर नेमक्या त्याच क्षणी, जेव्हा कुटुंबाला मुखत्यारपत्राची सर्वाधिक गरज असते, तेव्हा त्याचा आधार निसटतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 च्या कायद्याने असमर्थतेनंतरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते आणि अमेरिकेच्या राज्यांतही तशी सोय आहे. त्यामुळे परदेशस्थ नातेवाइकांच्या सांगण्यावरून किंवा इंटरनेटवरील मसुद्यावरून ‘मी असमर्थ झालो तरी हे पत्र चालू राहील’ असे वाक्य आपल्याकडच्या कागदात घातले जाते. भारतीय कायद्यात अशा वाक्याला भरवसा ठेवावा असा आधार नाही. मालकाच्या मृत्यूची किंवा असमर्थतेची खबर नसताना मुखत्याराने सद्भावनेने दिलेल्या पैशांबाबत किंवा केलेल्या कृतीबाबत 1882 चा कायदा त्याला संरक्षण देतो, आणि करार कायद्याचे कलम 209 सोपवलेल्या हितांचे रक्षण करण्याची वाजवी पावले उचलण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकते. परंतु नवे करार करण्याची मुभा यांतून मिळत नाही.

बेशुद्धावस्थेतील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा सरळ मार्ग आपल्या कोणत्याही कायद्यात नेमकेपणाने सांगितलेला नाही. म्हणून कुटुंबांना संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाकडे जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये अशा प्रकरणांसाठी वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, महसूल अधिकाऱ्याकडून चौकशी आणि पालकाने ठरावीक काळाने हिशेब सादर करणे अशी मार्गदर्शक पद्धत आखून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये बेशुद्धावस्थेतील पतीच्या पालकपदी पत्नीची नेमणूक केली. सिंधुदुर्गच्या रहिवाशांना अशा अर्जासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सुरू झालेल्या सर्किट बेंचच्या अधिकारक्षेत्रात सिंधुदुर्गाचा समावेश असल्याने आता फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरला जाणे पुरते. अंतर कमी झाले असले तरी अर्ज, तपासणी आणि सुनावणी यांत जाणारा काळ व्यवसायाला परवडणारा नसतो. तोवर पगार थकतात आणि ग्राहक दुसरीकडे वळतात.

पूर्ण तजवीज

म्हणून तीन वेगळ्या प्रसंगांसाठी तीन वेगळ्या व्यवस्था लागतात. गैरहजेरीसाठी मर्यादित आणि मुदतबंद मुखत्यारपत्र पुरेसे आहे. असमर्थतेसाठी व्यवसायाची रचनाच बदलावी लागते : एलएलपी करून दुसरा नियुक्त भागीदार घेणे, खासगी कंपनीत दुसरा सक्रिय संचालक ठेवणे, किंवा एकल व्यक्ती कंपनी काढणे हे त्याचे पर्याय आहेत. 2013 च्या कायद्याने आणलेल्या या शेवटच्या प्रकारात सभासदाला नामनिर्देशित व्यक्ती नेमावीच लागते, आणि सभासदाचा मृत्यू झाला किंवा तो करार करण्यास असमर्थ झाला, तर ती व्यक्ती कंपनीची सभासद होते. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला असमर्थतेविरुद्ध कायद्याने दिलेले हे दुर्मीळ कवच आहे. मृत्यूनंतरच्या काळासाठी मृत्युपत्र करून त्यात व्यवस्थापक नेमावा, येणी, चालू करार आणि डिजिटल खाती यांची यादी त्याला सापडेल अशी सोय करावी.

मुखत्याराची निवड करताना नात्याइतकेच कामाचे ज्ञानही पाहावे. भाऊ प्रामाणिक असेल, पण ग्राहकाच्या कराराची भाषा त्याला कळत नसेल, तर बँकेचा अधिकार भावाला आणि करारांचा अधिकार अनुभवी सहकाऱ्याला अशी विभागणी करता येते, आणि ठरावीक रकमेच्या वर दोघांच्या सह्या आवश्यक करता येतात. अधिकार काढून घेताना नुसता कागद फाडून भागत नाही. रद्द केल्याचे मुखत्याराला आणि बँक, ग्राहक, करसल्लागार यांना लेखी कळवावे लागते, कारण ज्या त्रयस्थाला ही माहिती पोहोचलेली नाही त्याच्यापुरते मुखत्याराचे व्यवहार मालकावर बंधनकारक राहू शकतात.

जमिनीच्या निमित्ताने कोकणातल्या कुटुंबांनी दूर राहूनही एकमेकांवर विश्वास ठेवण्याची रीत जपली, आणि त्या विश्वासाला लेखी मर्यादा नसेल तर घराघरांत किती कटुता येते हेही अनुभवले. फोंडाघाटातून जगाशी व्यवहार करणाऱ्या नव्या व्यावसायिकाने त्या अनुभवाचा उपयोग करून घ्यावा. अधिकार कामागणिक मोजून द्यावा, त्याची मुदत संपण्यापूर्वी दरवर्षी फेरविचार करावा, आणि आपली समज शाबूत असतानाच असमर्थतेची वेगळी व्यवस्था उभी करावी. तशी व्यवस्था करणारा मालक आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची काळजी खऱ्या अर्थाने घेत असतो.